सम्प आणि त्याची नळजोडणी (खाऱ्या पाण्याचे घरगुती मत्स्यालय)

सम्प म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात मुख्य टाकीखाली ठेवलेली दुसरी टाकी. मुख्य टाकीतले वरच्या थराचे पाणी सांडव्यावरून नळीत पडते, आपल्याच वजनाने सम्पमध्ये उतरते, तिथे गाळले जाते आणि पंपाने परत वर चढते. पृष्ठभागावर जमणारा तेलकट तवंग यामुळे सतत निघून जातो, एकूण पाणी वाढते आणि हीटर, स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) यांसारखी साधने नजरेआड राहतात. १९८० च्या दशकात ठिबकत्या गाळणीच्या रूपाने ही रचना छंदिष्टांमध्ये रुळली. विदर्भातल्या खेड्यात मात्र तिचा आराखडा वेगळ्या क्रमाने करावा लागतो. इथे आधी वीज गेल्यावर काय होईल ते पाहावे, मग मे महिन्यात काय होईल ते, आणि मासे-प्रवाळांचा विचार त्यानंतर.

सम्पचे साधारण तीन कप्पे असतात. पहिल्यात पाणी कापडी पिशवीतून किंवा फिल्टर वूलमधून गाळले जाते आणि प्रोटीन स्किमर बारीक बुडबुड्यांच्या फेसातून सेंद्रिय घाण बाहेर काढतो. मधल्यात काहीजण कीटोमॉर्फा हे शेवाळ वाढवतात, ते नायट्रेट आणि फॉस्फेट शोषते. शेवटच्यात परतीचा पंप असतो. कप्प्यांमधल्या काचा एक खाली, एक वर अशा लावल्या की बुडबुडे अडतात. मुख्य टाकीत जेवढे पाणी आहे त्याच्या तासाला ३ ते ५ पट पाणी सम्पमधून फिरले तरी पुरते. पंपाच्या खोक्यावरचा प्रवाहाचा आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी दीड मीटर वर चढवताना आणि प्रत्येक एल्बोपाशी तो घटत जातो.

वीज गेली की पंप थांबतो, पण पाणी लगेच थांबत नाही. मुख्य टाकीतले पाणी सांडव्याच्या पातळीपर्यंत उतरत राहते. परतीच्या नळीचे तोंड पाण्यात बुडालेले असेल तर तीच नळी उलटी वाहू लागते आणि तोंड उघडे पडेपर्यंत टाकी रिकामी करते. १२० × ६० सेंमीच्या टाकीत पातळी ४ सेंमी उतरली तर सुमारे २९ लिटर पाणी खाली येते, आणि ९० × ४० सेंमीच्या सम्पमध्ये तेवढ्याने ८ सेंमी भर पडते. नळ्यांमधले पाणी वेगळेच. म्हणून अशा सम्पमध्ये किमान १० सेंमी जागा कायम मोकळी ठेवावी. परतीच्या नळीला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली एक बारीक भोक पाडले की हवा शिरून उलटा प्रवाह तुटतो. हे भोक शेवाळाने बुजते, ते दर आठवड्याला काडीने मोकळे करायलाच हवे. उलटा प्रवाह अडवणाऱ्या व्हॉल्व्हवर भिस्त ठेवू नये, चुन्याचा थर किंवा एखादी गोगलगाय अडकली की तो बंद होत नाही. मीठ घालण्याआधी सगळी जोडणी साध्या पाण्यावर चालवून मुद्दाम स्विच बंद करावा. सम्प न सांडता सगळे पाणी सामावले, की वीज परत सुरू करून शेवटच्या कप्प्यातली चालू पातळी काचेवर पक्क्या रेघेने आखावी. त्या रेघेच्या वर कधीही पाणी भरू नये.

उतरत्या पाण्यासाठी दोन नळ्यांची हर्बी पद्धत भारनियमनाच्या गावाला सर्वांत सोयीची आहे. एक नळी पूर्ण भरून वाहते आणि तिचा प्रवाह गेट व्हॉल्व्हने जुळवतात. बॉल व्हॉल्व्हने तो इतका बारीक जुळत नाही. दुसरी नळी थोड्या उंचीवर कोरडी राखलेली असते. तिला एकटीला सगळे पाणी पेलता आले पाहिजे. वीज परत आल्यावर मिनिटभर ही आपत्कालीन नळी गुळगुळ वाजते, मग मुख्य नळीतली हवा निघून जाते आणि आवाज थांबतो. त्यासाठी मुख्य नळीचे खालचे टोक सम्पच्या पाण्यात जेमतेम २ सेंमी बुडालेले असावे. जास्त बुडवले तर अडकलेली हवा निघत नाही.

सामान तालुक्याच्या हार्डवेअर दुकानात मिळते: यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) पाइप, एल्बो, टी, युनियन (आटे फिरवून उघडता येणारा जोड), टँक निपल (काचेच्या भोकात नळी बसवणारा जोड), सोल्युशन (पाइप चिकटवायचा द्राव). पितळी व्हॉल्व्ह आणि जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप मात्र घेऊ नयेत. पितळेतले तांबे झिंगे आणि प्रवाळांना मारक असते, आणि लोखंड मिठाने गंजते. ठिबकाचे ग्रोमेट (रबरी कडी) आणि बारीक नळ्या गोडे पाणी भरण्याच्या कामाला छान चालतात. काचेला भोक हिरेजडित ड्रिलने, वर पाणी सोडत पाडतात. टफन काच ड्रिल लागताच फुटते, म्हणून हे काम टाकी बनवणाऱ्याकडूनच करून घेतलेले बरे. टँक निपलचा नट हाताने आवळावा, वर पाव आटा, बस्स. उन्हाळ्यात सोल्युशन झपाट्याने सुकते, तेव्हा जोड आधी कोरडे बसवून खूण करावी आणि मगच चिकटवावेत. पंपाच्या वरच्या बाजूला युनियन असला की पंप धुण्यासाठी पाइप कापावा लागत नाही.

काळ्या मातीवरच्या घरात जमीनच हलते. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि फरशी मिलिमीटरांनी कलते. भरलेली टाकी, दगड आणि स्टँड मिळून सहज चारशे किलोंच्या वर जाते. ओटा मुरमाच्या भरावावर बांधावा, पाणसळीने पाहावा, आणि पावसाळा सरल्यावर पुन्हा एकदा पाहावा.

प्रवाळ-मासे २४ ते २७ अंश सेल्सियसला सुखाने राहतात, आणि विदर्भातला उन्हाळा ४५ अंशांपुढे जातो. चिलर महाग असतो आणि वीज गेली की तोही बंद पडतो. सम्पवर लावलेला छोटा पंखा इथे आश्चर्य वाटावे इतके काम करतो, कारण हवा कोरडी असते. १ लिटर पाणी उडताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढून नेते. म्हणजे बाहेरची उष्णता वगळली तर ४०० लिटर पाणी जवळपास दीड अंशाने निवते. आषाढ-श्रावणात हवा दमट झाली की हा उपाय थंडावतो. कुलरचा पंप खाऱ्या पाण्यात टाकू नये, त्याचे स्क्रू आणि दांडा गंजतो. कुलरचा फ्लोट व्हॉल्व्ह मात्र उपयोगी आहे, फक्त त्याचा दांडा प्लास्टिकचा हवा.

कारण पाणी उडते, मीठ उडत नाही. ४०० लिटरमधून १० लिटर पाणी गेले की क्षारता लिटरला ३५ ग्रॅमवरून जवळपास ३६ वर चढते. ही घट रोज गोड्या पाण्यानेच भरून काढायची. फ्लोट व्हॉल्व्हला २० लिटरची कॅन जोडावी, छतावरची टाकी कधीच जोडू नये. फ्लोट अडकला तर कॅन फक्त २० लिटर सांडेल.

बोअरचे पाणी जसेच्या तसे चालत नाही. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात ते खारट असले तरी समुद्राच्या पाण्याशी त्याच्या क्षारांचे प्रमाण जुळत नाही. आरओ आणि त्यापुढे डीआय गाळणी (उरलेले क्षार काढणारी) लावून काढलेल्या पाण्यात कृत्रिम सागरी मीठ विरघळवावे. आरओने टाकलेले पाणी धुण्याभांड्याला येते. कपाशीच्या गावात आणखी एक पथ्य आहे. फवारणीच्या औषधाचा जुना ड्रम किंवा बादली मीठ कालवायला कधीही घेऊ नये, आणि फवारणी करून आलेले हात पाण्यात घालू नयेत. कीटकनाशक झिंग्या-खेकड्यांनाही किडींसारखेच मारक असते.

भारतीय समुद्रातले प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. म्हणून आधार म्हणून कोरडा कृत्रिम खडक वापरावा आणि त्यावर जिवाणू वसायला काही आठवडे द्यावेत.

प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबकळून मग वर यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी सॉकेटात जात नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) लावावा. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी ओतत राहावे.

पाणी बदलताना निघालेल्या ३० लिटरमध्ये किलोभर मीठ असते. ते झाडाच्या आळ्यात, शोषखड्ड्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये, काळ्या मातीतून ते लवकर निघत नाही. उन्हाळ्यात उथळ टाक्यात आटवावे, एरवी पक्क्या नालीत भरपूर साध्या पाण्याबरोबर सोडावे.