भूऔष्णिक ऊर्जा

पृथ्वीच्या अंतर्भागातील उष्णतेपासून मिळवलेली ऊर्जा. या उष्णतेचा काही भाग पृथ्वी घडत असतानाच तिच्या पोटात साठला. उरलेला भाग युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या किरणोत्सर्गी समस्थानिकांच्या विघटनातून आजही निर्माण होत असतो. भूखंडांच्या कवचात खोल जावे तसे तापमान दर किलोमीटरला साधारणपणे २५ ते ३० °से. वाढत जाते. हे प्रमाण सर्वत्र सारखे नसते: रशियातील कोला द्वीपकल्पावर १२,२६२ मीटर खोल नेलेल्या विंधनविवराच्या तळाशी तापमान सुमारे १८० °से. भरले होते. ज्वालामुखी प्रदेशांत मात्र शिलारस बराच वर आलेला असल्याने एवढे किंवा याहून अधिक तापमान एक-दोन किलोमीटरवरच मिळते. आइसलँड, केनियाची खचदरी, इंडोनेशिया आणि न्यूझीलंड हे प्रदेश या ऊर्जेत पुढे असण्याचे कारण हेच आहे.

खडक तापलेला असला म्हणजे ऊर्जा हाती आली असे होत नाही. ती वर आणण्यासाठी पाणी लागते, ते पाणी खेळेल अशा भेगा किंवा छिद्रे खडकात असावी लागतात, आणि वर पाणी सहज निसटू न देणारा थर असला तर तापलेला साठा टिकून राहतो. अशा साठ्यात विहीर खोदून वाफ किंवा गरम पाणी वर घेतात आणि वापरून झालेले पाणी दुसऱ्या विहिरीतून पुन्हा खाली सोडतात. हे पुनर्भरण टाळले तर साठ्यातील दाब उतरतो आणि पाण्यातील क्षार व आर्सेनिक नदीनाल्यांत जाण्याचा धोका राहतो.

वीजनिर्मितीची सुरुवात इटलीतील लार्देरेल्लो येथे झाली. तेथे १९०४ मध्ये पिएरो जिनोरी काँती यांनी जमिनीतून निघणाऱ्या वाफेवर काही दिवे लावून दाखवले आणि १९१३ मध्ये वीजकेंद्र सुरू झाले. लार्देरेल्लोला कोरडी वाफ मिळते, ती थेट टर्बाइनवर सोडता येते. बहुतेक ठिकाणी मात्र दाबाखालचे अतितप्त पाणी वर येते. दाब कमी करताच त्याच्या काही भागाची वाफ होते आणि त्या वाफेवर टर्बाइन चालते. न्यूझीलंडमधील वाइराकेई येथे १९५८ मध्ये याच पद्धतीचे केंद्र उभे राहिले. पाणी याहून कमी तापलेले असेल तर द्वयी चक्र वापरतात. त्यात गरम पाणी आपली उष्णता कमी तापमानाला उकळणाऱ्या दुसऱ्या द्रवाला देते आणि त्या द्रवाच्या वाफेवर टर्बाइन फिरते.

द्वयी चक्राची चर्चा कोकणातील गरम पाण्याच्या झऱ्यांच्या संदर्भात नेहमी होते, म्हणून त्याची एक मर्यादा नीट समजून घेतली पाहिजे. कोणत्याही उष्णता-यंत्राची कार्यक्षमता उष्ण स्रोत आणि थंड करणारे पाणी किंवा हवा यांच्या तापमानांतील अंतरावर ठरते. अलास्कातील चेना येथे २००६ पासून केवळ ७४ °से. पाण्यावर वीज तयार होते, कारण तेथे थंड करण्यासाठी बर्फगार पाणी उपलब्ध आहे. त्याच तापमानाचे पाणी कोकणात घेतले आणि ३० °से. च्या हवेने यंत्र थंड करायचे ठरवले, तर सैद्धांतिक कमाल कार्यक्षमताच सुमारे २० टक्क्यांवरून १३ टक्क्यांपर्यंत खाली येते. प्रत्यक्षात हाती लागणारी वीज त्याहून बरीच कमी असते.

मुंबईच्या उत्तरेस तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. तेथून दक्षिणेकडे रायगडमध्ये पालीजवळचे उन्हेरे, पुढे दापोली तालुक्यातील उन्हवरे आणि संगमेश्वर तालुक्यातील तुरळ, राजवाडी असे झरे साधारणपणे किनाऱ्याला समांतर पट्ट्यात येतात. पृष्ठभागावर त्यांचे तापमान सुमारे ३५ ते ७० °से. असते. सह्याद्री ज्वालामुखीजन्य बेसाल्टचा, म्हणून हे पाणी जुन्या ज्वालामुखीने तापवलेले, ही समजूत सर्रास आढळते, पण ती चुकीची आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि तो केव्हाच निवला आहे. पावसाचे पाणी भेगांवाटे खोल मुरते, तेथील तापमानाने तापते आणि भ्रंशांच्या, म्हणजे खडक सरकून पडलेल्या तड्यांच्या, वाटेने पुन्हा वर येते. पाण्यात विरघळलेल्या सिलिकेवरून आणि क्षारांच्या प्रमाणांवरून खालच्या साठ्याचे तापमान शंभर अंशांच्या वर असावे असे अनुमान काढले जाते. मुंबईच्या आयआयटीत डी. चंद्रशेखरम् यांनी या पट्ट्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. तरीही अनुमान आणि प्रत्यक्ष साठा यांतील अंतर खोल विहीर खोदल्याशिवाय मिटत नाही.

भारतात हिमाचल प्रदेशातील मणिकरण येथे पाच किलोवॅटचा प्रायोगिक संच चालवून पाहिला गेला. लडाखमधील पुगा खोऱ्यात एक मेगावॅटच्या प्रकल्पासाठी ओएनजीसीने २०२१ मध्ये करार केला. देशाची एकूण क्षमता सुमारे १०,६०० मेगावॅट असल्याचे नेहमी सांगितले जाते. मात्र हा अंदाज आहे, विहिरी खोदून सिद्ध झालेला साठा नव्हे.

विजेपेक्षा उष्णतेचा थेट वापर अधिक सोपा आणि काटकसरीचा असतो, आणि कोकणासाठी पहिला विचार त्याचाच व्हायला हवा. आइसलँडमध्ये दहापैकी सुमारे नऊ घरे याच उष्णतेने ऊबदार राहतात. कोकणात घर तापवण्याची गरज नाही, पण वाळवण्याची आहे. आमसुले उन्हात घातलेली असताना वळवाचा पाऊस आला की माल खराब होतो. साठ-सत्तर अंशांच्या पाण्यावर हवा तापवून चालणारे वाळवणयंत्र अशा वेळी उपयोगी पडू शकते. मणिकरणला याच उष्णतेवर शीतगृहाचाही प्रयोग झाला होता.

खडकात नैसर्गिक भेगा पुरेशा नसतील तर दाबाने पाणी सोडून त्या रुंदावण्याचे तंत्र आहे. त्यातून भूकंप होऊ शकतात. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे २००६ मध्ये ३.४ परिमाणाचा धक्का बसल्यावर प्रकल्प थांबवावा लागला. कोयनेच्या जलाशयाचा आणि १९६७ च्या भूकंपाचा अनुभव असलेल्या महाराष्ट्रात अशा कामापूर्वी भूकंपमापकांचे जाळे उभारणे अपरिहार्य ठरेल.

मुंबई शहराला गारवा हवा असतो, आणि उथळ जमिनीत नळ्या पुरून चालणारे उष्णतापंप (उष्णता एकीकडून दुसरीकडे नेणारी यंत्रे) येथे थंड देशांइतके लाभ देत नाहीत, कारण काही मीटर खाली जमिनीचे तापमान हवेच्या वार्षिक सरासरीइतके, म्हणजे सुमारे २७ °से. असते. गरम पाणी फार दूर नेणेही परवडत नाही. आइसलँडमधील नेस्यावेलीर येथून रेकयाविककडे ते २७ किलोमीटर नेले जाते, परंतु त्यासाठी विपुल आणि अतितप्त साठा मागे असावा लागतो. वज्रेश्वरी परिसरातील उष्णता वापरायची झाली तर ती भिवंडी-वाडा परिसरातील प्रक्रिया उद्योगांनाच प्रथम सोयीची ठरेल.