डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग (डीटीआय)

मेंदूतील चेतातंतूंची रचना आणि डोक्याला मार लागल्यावर त्यांना झालेली इजा पाण्याच्या रेणूंच्या हालचालीवरून अजमावणाऱ्या एमआरआय पद्धतीला डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग म्हणतात. पीटर बॅसर, जेम्स मॅटिएलो आणि डेनी ल बिहां यांनी ती १९९४ मध्ये मांडली.

डोके एकाएकी फिरले वा थांबले की मेंदूच्या निरनिराळ्या भागांचा वेग सारखा राहत नाही आणि त्यांना जोडणारे लांब तंतू ताणले जातात. ते बहुधा जागीच तुटत नाहीत. आधी तंतूच्या आतील वाहतूक खोळंबते, तिथे फुगवटा येतो आणि काही तासांनी तंतू दुभंगतो. अशी विखुरलेली इजा सबिना स्ट्रिच यांनी १९५६ मध्ये शवविच्छेदनातून वर्णिली होती. सीटी स्कॅनमध्ये कवटीचा भंग किंवा रक्तस्राव दिसतो, पण काही मायक्रोमीटर जाडीच्या तंतूची इजा दिसत नाही. त्यामुळे स्कॅन ‘नॉर्मल’ आणि रुग्णाची स्मृती व एकाग्रता मात्र ढासळलेली, असे चित्र नेहमी आढळते.

डीटीआयलाही एकेक तंतू दिसत नाही, कारण तिच्या प्रतिमेतील सर्वांत लहान घनाची बाजू साधारण २ मिलिमीटर असते. तिला दिसते ते पाणी. निरोगी तंतुजुडग्यात ते तंतूच्या लांबीच्या दिशेने सहज सरकते, आडवे सरकताना तंतूंची पातळ आवरणे आणि त्यांवरचे मायलिन या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन त्याला अडवतात. निदान ६ दिशांनी मोजमाप घेऊन या दिशाबद्धतेला ० ते १ दरम्यानचा अंक दिला जातो. जुडगे विस्कटले की तो सहसा घटतो, विशेषतः मेंदूच्या दोन अर्धांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसममध्ये. मात्र इजेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत तो वाढलेलाही आढळतो. शिवाय जिथे तंतू एकमेकांना छेदून जातात तिथे तो निरोगी मेंदूतही कमीच असतो, म्हणून हा अंक सुटा वाचणे धोक्याचे आहे.

स्फोटात सापडलेल्या आणि सौम्य मेंदू-इजेचे निदान झालेल्या ६३ अमेरिकी सैनिकांची तुलना २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्फोटाला सामोरे गेलेल्या पण मेंदूला इजा नसलेल्या २१ जणांशी केली गेली. गट म्हणून फरक स्पष्ट होता. पण व्यक्तिशः पाहता अपेक्षेपेक्षा अधिक विकृती १८ जणांतच आढळल्या. वय आणि यंत्र यांनुसारही आकडे बदलतात. त्यामुळे नुकसानभरपाईच्या खटल्यात एकाच रुग्णाचा डीटीआयवरून काढलेला रंगीत तंतुनकाशा पुरावा म्हणून पुढे करणे वादग्रस्त ठरते आणि सौम्य इजेचे निदान आजही मुख्यतः अपघाताचा तपशील व प्रत्यक्ष तपासणी यांवरूनच केले जाते.