शीका की झोनाई? हायरूलमधली दोन प्राचीन तंत्रज्ञानं

‘झेल्डा’ मालिकेतला ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (2017) हा व्हिडिओ गेम संपवून थेट ‘टियर्स ऑफ द किंगडम’मध्ये (2023) उतरणाऱ्याचा हमखास गोंधळ होतो. हायरूलची भूमी तीच, नायक लिंक तोच. पहिल्या गेममध्ये जागोजागी श्राइन, म्हणजे छोटी प्राचीन मंदिरं होती, आत कोडी होती आणि एकदा सापडलेल्या श्राइनपाशी नंतर क्षणात परतता यायचं. दुसऱ्यातही तेच. मग ही सगळी यंत्रं बनवली कुणी? बरेच जण सगळं काही शीका या जमातीच्या नावावर टाकतात. काहींना झोनाई, ही दुसरी प्राचीन जमात, म्हणजे शीकांचे पूर्वज वाटतात. दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि त्यामुळे दोन्ही गेमच्या गोष्टीतला जीवच हरवतो. (पुढे दोन्हींचं कथानक उघड केलेलं आहे.)

नुसत्या नजरेने ओळखायचं तर सोपं आहे. एक अश्रू ढाळणारा डोळा हे शीकांचं चिन्ह. त्यांची यंत्रं आधी नारिंगी उजळतात आणि लिंकने चालू केली की निळी होतात. झोनाईंचा प्रकाश हिरवा. झोनाई स्वतः तर माणसांसारखे दिसतही नाहीत: लांब कान, अंगावर लव, कपाळावर तिसरा डोळा. शीका मात्र हाडामांसाची माणसंच आहेत, बहुतेक पांढऱ्या केसांची.

खरा फरक आहे तो ‘लुप्त’ नेमकं काय झालं, यात.

शीका लुप्त झालेच नाहीत. पहिल्या गेमच्या दहा हजार वर्षं आधी त्यांनी चार महाकाय डिव्हाइन बीस्ट (प्राण्यांच्या रूपातली यंत्रं) आणि गार्डियन या लढाऊ यंत्रांची फौज उभी केली, आणि त्यांच्या बळावर गॅनन या दुष्ट शक्तीचा पाडाव झाला. आपल्याच रक्षणासाठी बनलेल्या या ताकदीची पुढे राज्यालाच भीती वाटू लागली. राजाज्ञेने यंत्रं जमिनीखाली गेली, शीकांवर संशय धरला गेला. काहींनी विद्या बाजूला ठेवून साधं जगणं पत्करलं. त्यांचे वंशज काकारिको गावात राहतात. काहींनी मनात सूड धरला आणि थेट गॅननशी निष्ठा वाहिली, तो यिगा पंथ. म्हणजे इथे माणसं उरली, पण त्यांच्या हातातली विद्या गेली. ती काळाच्या ओघात आपोआप विसरली गेली नाही, तर हुकूम काढून पुरण्यात आली. दोन्ही गेममधली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

झोनाईंचं नेमकं उलटं. ते आकाशातून आले असं मानलं जातं. त्यांच्यापैकी राऊरूने हायरूलच्या सोनियाशी लग्न केलं आणि दोघांनी राज्य स्थापलं. राजकन्या झेल्डा भूतकाळात जाऊन पोचते तेव्हा या वंशातले राऊरू आणि त्याची बहीण मिनेरू असे दोघेच उरलेले असतात. त्यानंतर कुणीच नाही. पण यंत्रं? ती चालूच आहेत. आकाशातल्या बेटांवर त्यांचे कन्स्ट्रक्ट, म्हणजे यांत्रिक सेवक, अजून जागेवर उभे आहेत, आल्यागेल्याला मार्ग दाखवतात, परीक्षा घेतात. जमिनीखालच्या पाताळातल्या खाणीपाशी झोनाइट हे खनिज नेऊन दिलं की ते आजही त्याच्या बदल्यात ऊर्जेचे तुकडे मोजून देतात. ज्यांच्यासाठी हे काम चालायचं, त्यांच्यापैकी कुणीही शिल्लक नाही.

तेव्हा ‘लुप्त प्रगत संस्कृती’ हे वर्णन नीट बसतं ते झोनाईंनाच. काळाच्या क्रमातही झोनाई राज्याच्या स्थापनेच्या वेळचे, तर शीकांची फौज आधीच उभ्या असलेल्या राज्याच्या रक्षणासाठी बनलेली.

आता यंत्रांच्या कामाची पद्धत. शीकांचं तंत्र तयार, पूर्ण आणि बंदिस्त. गार्डियन स्वतः शोधतो, स्वतः नेम धरतो. लाल ठिपका अंगावर स्थिरावला की पळायला फार थोडा वेळ उरतो. अशा यंत्राला ऊर्जाही विशिष्टच लागते. हातेनो गावच्या प्रयोगशाळेतलं उपकरण चालू करायचं तर गावातल्या प्राचीन भट्टीतली निळी ज्योत मशालीवर घेऊन टेकडी चढावी लागते. वाटेतले दिवे त्याच ज्योतीने पेटवत जायचं, कारण पावसाने मशाल विझली तर निदान शेवटच्या दिव्यापासून पुन्हा सुरुवात करता येते. एका प्रगत विद्येतलं आता काय उरलंय, तर पावसात जपून न्यायची ही ज्योत. हा प्रसंग घाईत उरकू नका.

आणि बंदिस्त यंत्राचा धोकाही तिथेच दिसतो. पहिल्या गेमच्या शंभर वर्षं आधी ही फौज उकरून काढली गेली, पण गॅनन या वेळी सावध होता. त्याने गार्डियन आणि डिव्हाइन बीस्ट यांचाच ताबा घेतला. चार योद्धे ज्या यंत्रांत बसून लढणार होते, त्यांतच मारले गेले. जे यंत्र स्वतः लढतं, त्याचा ताबा सुटला की फौजच्या फौज उलटते.

झोनाईंनी मागे सुटे भाग ठेवले: पंखा, चाक, रॉकेट, फुगा, सुकाणू. एकटा पंखा जमिनीवर ठेवून चालू केला तर नुसता वारा सोडतो. दोन पंखे आणि एक सुकाणू जोडलं की उडणारं वाहन तयार. काय बनवायचं हे खेळणाऱ्याने ठरवायचं, आणि चालेल किती, ते कमरेच्या बॅटरीवर. ती संपली की यंत्र हवेतच थंडावतं. काही भाग तर वापरता वापरता चमकू लागतात आणि नाहीसे होतात. कन्स्ट्रक्ट हा अपवाद सोडला तर इथे निर्णय माणसाचाच राहतो. मला यात झोनाईंचं तंत्र जास्त शहाणपणाचं वाटतं, जरी दिसायला शीकांचंच भव्य असलं तरी.

लिंकच्या शक्तींमध्येही हाच भेद आहे. पहिल्या गेममध्ये त्या शीका स्लेट या पाटीत असतात, दुसऱ्यात राऊरूच्या हातात, जो लिंकला लाभतो. स्लेटमधलं मॅग्नेसिस फक्त धातू उचलतं. राऊरूच्या हातातलं अल्ट्राहँड लाकूड, दगड, यंत्र काहीही उचलून चिकटवतं.

गोंधळाचं एक मूळ पहिल्या गेममध्येच आहे. फॅरॉनच्या जंगलात ‘झोनाई अवशेष’ तेव्हाही नकाशावर होते, आणि त्या भागातल्या एका लढवय्या जमातीचा पोशाखही मिळायचा. त्यामुळे झोनाई म्हणजे रानटी योद्धे, अशी बऱ्याच जणांची सहा वर्षं समजूत होती.

दुसऱ्या गेममध्ये फसवणाऱ्या जागा दोन. पहिली, यिगा. पाताळात ते झोनाई भागांची वाहनं चालवतात, त्यांचा म्होरक्या कोगा तर त्यांतूनच लढतो. तरी वंशाने ते शीका. दुसरी, ज्यांतून लिंक आकाशात फेकला जातो ते पंधरा मनोरे आणि कमरेचं पुराह पॅड हे पाटीसारखं उपकरण. आकाशाशी संबंध म्हणून ते झोनाईंचे वाटतात, पण दोन्ही पुराह या शीका संशोधिकेची कामं. मनोऱ्यात लिंकला धरणारा तो यांत्रिक हात नीट पाहा, गार्डियनची आठवण येईल.