सांडशीचा सगळा जीव रिव्हेटमधे

आमच्याकडं मराठवाड्यात कुणी सांडशी म्हणतं कुणी पक्कड, पण चुलीवरचं दुधाचं पातेलं उतरवायचं म्हणलं की तिच्याशिवाय भागत नाही. शब्द आलाय संस्कृतातल्या संदंश वरून, त्यात दंश आहे बघा, म्हणजे चावा. दोन जबडे, मधे एक रिव्हेट, म्हणजे दोन्ही दांडे जोडणारा खिळा, आणि काठाला कचकन चावा.

सगळं गणित त्या रिव्हेटचं. समजा रिव्हेटपासून आपली मूठ १५ सेंमीवर आणि जबड्याचं टोक ३ सेंमीवर, तर आपण लावतो त्याच्या साधारण ५ पट जोर काठावर पडतो, जोर वाढला की घर्षण वाढतं आणि पातेलं निसटत नाही. बदल्यात मूठ बरीच मिटावी लागते तेव्हा जबडा थोडासा मिटतो. अडकित्त्यात हाच सांधा टोकाला नेलाय आणि सुपारी मधे येते. चिमट्याचं मात्र उलटं, सांधा मागच्या टोकाला आणि आपण दाबतो मधे, त्यामुळं पुढं जोर कमीच पोचतो, पण म्हणूनच आरावर फुगलेली भाकर चिमट्यानं धरली तरी चेपत नाही.

मागच्या वर्षी आमच्या घरी रिव्हेट ढिली झालेली सांडशी तशीच वापरात होती. जबडे समोरासमोर बसायच्या ऐवजी तिरके बसायचे, आणि भरल्या भांड्याचं वजन असतं मधोमध, आपण धरतो काठाला, त्यामुळं भांडं गरकन फिरायला बघतंच. तसंच झालं. आमटी आईच्या पायावर, चांगले दोन फोड आले. म्हणून मोठं भांडं दोन सांडश्यांनी दोन्हीकडून धरा, आणि ओल्या फडक्यानं तर धरूच नका, कोरड्या फडक्यात हवा अडकलेली असते, पाण्यातून उष्णता हवेपेक्षा वीसेक पट जास्त जाते, चटका लगेच बसतो.

लोहाराची सांडशी बघितली का कधी? लालभडक लोखंड ८००-९०० अंशाचं असतं, म्हणून दांडे लांब, आणि दांड्यांवर एक कडी सरकवली की पकड आपोआप घट्ट राहते, मूठ आवळून धरायची गरज नाही. गंमत म्हणजे सुश्रुतसंहितेत शस्त्रक्रियेची १०१ यंत्रं सांगितलीत त्यात संदंश दोन प्रकारचे, एक असं अडकवून ठेवता येणारं आणि एक साधं, लांबी १६ अंगुळं. आणि स्वस्तिक यंत्रं, म्हणजे सांडशीसारखे दोन दांडे एकमेकांवर आडवे जोडलेली, २४, प्राणीपक्ष्यांच्या तोंडासारखी, ती जोडायला मसुराच्या आकाराचा खिळा! म्हणजे रिव्हेट तेव्हाही इतका महत्त्वाचा की त्याचा आकारसुद्धा लिहून ठेवला.

आमची ती सांडशी मी बाजाराच्या दिवशी लोहाराकडं नेली. त्यानं रिव्हेटवर दोन ठोके घातले, उघडझाप करून बघितली, परत एक हलका ठोका. जबडे समोरासमोर आले. आज सकाळी दूध तिनंच उतरवलं.