शोषखड्ड्यातील बिघाड

शोषखड्ड्यातील बिघाड : सेप्टिक टाकीतून बाहेर पडणारे पाणी जमिनीत जिरवण्याचे काम मंदावणे किंवा बंद पडणे, तसेच ते पाणी मातीत न गाळले जाता थेट भूजलात उतरणे. पहिल्या प्रकाराला गावोगावी ‘खड्डा पाणी घेईना’ असे म्हणतात. दुसऱ्या प्रकाराला बोलीत नावच नाही, कारण तो घरात कुणाला दिसत नाही. खरे तर जास्त घातक तोच.

टाकीत मैला शुद्ध होतो हा समज सर्वत्र आढळतो, पण तो चुकीचा आहे. टाकीत जड गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले गढूळ पाणी पुढे जाते. रोगजंतू या पाण्यातही असतात. ते रोखण्याचे काम खड्ड्याभोवतीची माती करते. पाणी मातीला भिडते तिथे जिवाणूंचा काळा, चिकट थर धरतो. हा थर पातळ असेल तोवर उत्तम गाळणी असतो, जाड झाला की मातीची छिद्रे बुजवतो. खड्डा म्हातारा होतो तो असा, आतून. वरून फरशी, कुंड्या सगळे जागच्या जागी असते.

घरातली पहिली खूण म्हणजे तळमजल्यावरच्या संडासाचे पाणी सावकाश उतरणे. एकच भांडे तुंबत असेल तर दोष बहुधा त्याच्या नळात असतो. न्हाणीघर, संडास, मोरी सगळीकडे एकदम पाणी रेंगाळू लागले, धुण्याचे यंत्र चालू असताना न्हाणीच्या जाळीतून गुडगुड आवाज येऊ लागला, तर पुढे टाकी किंवा खड्डा अडला आहे. घराबाहेर खड्ड्याच्या वर किंवा उताराच्या बाजूला ओल दिसते, संध्याकाळी वारा पडला की कुजकट वास येतो, डास वाढतात. मार्च-एप्रिलमध्ये आसपासचे गवत करपलेले असताना एवढाच तुकडा हिरवागार राहिला, तर तो संशयाने पाहावा. सांडपाण्यावर मुद्दाम लावलेली केळ किंवा अळू मात्र या हिशेबात धरू नये.

पावसाळ्यातली खूण फसवी असते. जुलै-ऑगस्टमध्ये भूजल वर आले की चांगला खड्डाही पाणी घेत नाही. दिवाळीनंतर जमीन वाळूनही तक्रार कायम राहिली, तर ती पावसावर ढकलता येत नाही.

सगळ्यात भरवशाची परीक्षा टाकीच्या झाकणाखाली असते. झाकण उघडल्यावर पाणी दिसले की लोक ‘टाकी भरली’ म्हणून उपसा गाडी बोलावतात. निरोगी सेप्टिक टाकी नेहमीच भरलेली असते, बाहेर जाणाऱ्या नळाच्या पातळीपर्यंत. पाणी त्या नळाच्या वर चढले असेल तर तो नळ चोंदला आहे किंवा खड्डा पाणी घेत नाही. पाणी नळाच्या बरेच खाली असेल तर टाकीच गळते आहे. टाकी उपसून होताच त्या नळाकडे लक्ष द्यावे : त्यातून पाणी उलटे टाकीत वाहू लागले, तर खड्डा भरलेला आहे यात शंका नाही. अशा घरी उपशाने फक्त थोडे दिवस निभतात. पाच माणसांच्या घरातून रोज ५०० लिटर पाणी जात असेल, तर ३,००० लिटरची टाकी सहाव्या दिवशी पुन्हा तशीच.

ही पाहणी उघड्यावर, वाकून डोके आत न घालता करावी. टाकीतील हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन यांमुळे माणसे क्षणात बेशुद्ध पडतात आणि त्यांना काढायला उतरलेलेही दगावतात. माणसाला संरक्षक साधनांशिवाय टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. कितीही सराईत माणूस ‘पाच मिनिटांचे काम’ म्हणाला तरी त्याला उतरू देऊ नये.

बिघाडाचे रूप जमीन ठरवते. देशावरची काळी माती ओली झाली की फुगते आणि पाण्याची वाट बंद करते. तिथे खड्डा लवकर तुंबतो आणि तुंबल्याचे दिसतेही. कोकण-गोव्याच्या जांभ्यात याच्या उलट घडते. जांभा सच्छिद्र, भेगांचा आणि पोकळ्यांचा. त्यात केलेला खड्डा वीस-वीस वर्षे भरत नाही आणि घरमालक त्याचे कौतुक करतो. पण पाणी इतक्या वेगाने जाते की गाळण होण्याइतकी माती त्याला वाटेत भेटत नाही. अशा बिघाडाची खूण खड्ड्यावर शोधून उपयोग नाही. ती विहिरीत सापडते, बरेचदा शेजाऱ्याच्या.

भारतीय मानक आयएस २४७० नुसार जिरवण्याची जागा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून किमान ६ मीटर दूर हवी. भेगाळ खडकात हे अंतरही पुरेल असे नाही. जिरण-चाचणीत भिजवलेल्या छोट्या खड्ड्यातले पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटे लागतात ते मोजतात. ३० मिनिटांच्या आत उतरले तर शोषखड्डा चालतो, ३० ते ६० मिनिटे लागली तर लांब शोषचर काढावे लागतात आणि त्याहून जास्त लागली तर पाणी जमिनीत जिरवण्याचा नाद सोडून वेगळी गाळण-व्यवस्था करावी लागते. घर बांधताना एक दिवस देऊन ही चाचणी केली, तर पुढचे बरेच हाल वाचतात.

वेळेआधी खड्डा निकामी होण्याचे मुख्य कारण टाकी न उपसणे. दोन-तीन वर्षांनी गाळ काढला नाही, तर तो पाण्याबरोबर खड्ड्यात जातो. स्वयंपाकाचे तेल, पागोळ्यांचे पाणी खड्ड्याकडे वळवणे, वरून ट्रॅक्टर-मोटारींची ये-जा, वड-पिंपळ-उंबराची मुळे ही इतर कारणे. संडासात ओतलेले ॲसिड टाकीतले उपयोगी जिवाणू मारते. गूळ, यीस्ट किंवा शेणकाला घालून तुंबलेला खड्डा मोकळा होत नाही.

दुरुस्तीत खड्ड्याला विश्रांती देणे सर्वांत परिणामकारक. दुसरा खड्डा खणून पाणी आलटून पालटून सोडले, की काही महिन्यांत पहिल्यातला चिकट थर हवेने वाळतो, कुजतो आणि माती पुन्हा पाणी घेऊ लागते. जुनाच खड्डा खोल करत जाणे हा सोपा वाटणारा, पण वाईट उपाय आहे : खोली वाढते तसे भूजल जवळ येते.

महाराष्ट्रात विहिरीच्या पाण्याची तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळांत होते. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय जिवाणू अजिबात आढळता कामा नयेत आणि नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवे. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर जिवाणू मारते, नायट्रेट मात्र काढत नाही. ते उकळूनही जात नाही आणि तान्ह्या बाळांना सर्वाधिक बाधते. म्हणून जांभ्यावरच्या वाडीत नमुना एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा पाऊस ओसरल्यावर द्यावा, आणि आपल्या विहिरीबरोबर उताराखालच्या विहिरीचाही द्यावा.