गिअरबॉक्सला घर्षणही हवे असते

जुन्या मोटारीचा दुसरा गिअर टाकताना ‘कर्र’ असा आवाज आला, की गिअरचे दाते झिजले असा तर्क बहुतेक जण करतात. हा तर्क बहुधा चुकीचा असतो. हाताने गिअर बदलण्याच्या नेहमीच्या गाड्यांमध्ये पुढे जाण्याच्या सर्व गिअरांचे दाते एकमेकांत कायमच गुंतलेले असतात. आपण दांडा हलवतो तेव्हा त्यांपैकी कोणते चाक शाफ्टला जखडायचे एवढेच ठरते. जखडण्याचे हे काम स्लीव्ह नावाची एक सरकती कडी करते, आणि तिचे छोटे दाते वेगळ्या गतीने फिरणाऱ्या चाकाच्या बाजूच्या दात्यांवर आपटले की तो आवाज येतो.

ही आदळआपट होऊ नये म्हणून स्लीव्ह आणि चाक यांच्यामध्ये सिंक्रो रिंग बसवलेली असते, जी जुन्या गाड्यांमध्ये बहुधा पितळी असते. दांडा ढकलताच ही रिंग चाकाच्या शंकूसारख्या भागावर दाबली जाते, घर्षणाने दोघांची गती समान करते आणि ती समान होईपर्यंत स्लीव्हला पुढे सरकू देत नाही. कॅडिलॅकने १९२८ मध्ये ही रचना बाजारात आणली. त्याआधी चालकाला क्लच दोनदा दाबून, मधल्या क्षणी इंजिनाची गती जमवून, गिअर अंदाजाने बसवावा लागे. रिंगच्या आतल्या बाजूस बारीक आटे कापलेले असतात. शंकूवर असलेला तेलाचा थर फोडून धातूला धातूचा स्पर्श घडवणे हे त्यांचे काम असते, कारण तेलाचा थर मध्ये राहिला तर रिंग नुसती घसरत राहते. वर्षानुवर्षांच्या वापराने हे आटे बोथट होतात आणि मग आवाज सुरू होतो. थंड हवेत, तेल घट्ट असताना, सकाळी पहिली काही मिनिटेच तक्रार जाणवते, त्याचेही कारण हेच आहे.

गिअरबॉक्समधल्या तेलाकडून आपण परस्परविरोधी अपेक्षा करतो, ही गोष्ट इथे स्पष्ट होते. त्याने दात्यांना आणि बेअरिंगांना घसरते ठेवावे, पण रिंगला मात्र पकड घेऊ द्यावी. म्हणूनच ‘अधिक चांगले’ तेल नेहमी चांगले ठरत नाही. जीएल-४, जीएल-५ या गिअर तेलाच्या प्रती आहेत. जीएल-५ प्रतीचे तेल डिफरन्शियलच्या, म्हणजे चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या भागाच्या, प्रचंड दाबाखाली घासणाऱ्या दात्यांसाठी योग्य असते आणि त्यात गंधक व फॉस्फरसयुक्त द्रव्यांचे प्रमाण जीएल-४ पेक्षा जास्त असते. यांतील सक्रिय गंधक तापलेल्या पितळावर रासायनिक परिणाम करू शकते. अलीकडची काही जीएल-५ तेले या बाबतीत सौम्य असली, तरी त्यांचा निसरडेपणा रिंगला अडचणीचा ठरू शकतो. गाडीच्या पुस्तिकेत जीएल-४ लिहिले असेल तर तेच घालावे. काही गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये चक्क इंजिन ऑइल सांगितलेले असते, तिथेही स्वतःची हुशारी चालवू नये.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये हा विरोध अधिक टोकाचा होतो, कारण तिथे क्लचच्या प्लेट तेलातच बुडालेल्या असतात आणि तेच तेल दाबाखाली फिरून त्यांना आवळते, थंडही ठेवते. पकड झटक्याने न बसता हळुवार बसावी यासाठी तेलात घर्षण नियंत्रित करणारी द्रव्ये मिसळतात. एकेकाळी यासाठी स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल वापरले जात असे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर निर्बंध आले आणि तेल-उत्पादकांना पर्याय शोधावे लागले. ही द्रव्ये उष्णतेने नष्ट होतात. तापमान सुमारे दहा अंश सेल्सिअसने वाढले की तेलाचे आयुष्य निम्म्यावर येते, असा एक ढोबळ नियम आहे.

‘जुने तेल बदलले आणि गिअरबॉक्स बसला’ ही कहाणी आपण सर्वांनी ऐकलेली असते. ती पूर्णपणे खोटी नाही, पण माझ्या मते दोष बऱ्याचदा चुकीच्या जागी दिला जातो. प्लेट घसरू लागल्यावरच मालकाला तेल आठवते, म्हणजे झीज आधीच झालेली असते. शिवाय नव्या तेलातील स्वच्छता करणारी द्रव्ये आत साचलेला थर सोडवतात आणि तो व्हॉल्व्हच्या अरुंद वाटांमध्ये अडकू शकतो. त्यामुळे फार चाललेल्या गाडीत यंत्राच्या दाबाने सगळे तेल एकदम उपसून काढण्यापेक्षा, खालचा प्लग उघडून जेवढे येईल तेवढे टप्प्याटप्प्याने बदलणे मला अधिक सुरक्षित वाटते. बरेचसे तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनाची शक्ती तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात, अडकून राहते. दर वेळी चाळीस टक्के बदलले गेले, तर तीन फेऱ्यांनंतर जुन्या तेलाचा अंश सुमारे बावीस टक्के उरतो.

काढलेले तेल बरेच काही सांगते. करपल्याचा वास आणि काळपट रंग म्हणजे प्लेट जळत आहेत. दुधाळ गुलाबी रंग म्हणजे रेडिएटरमधले पाणी आत शिरत आहे, आणि मग गाडी चालवणे तत्काळ थांबवावे. तळाच्या चुंबकावर करडी, मऊ पेस्ट असणे स्वाभाविक आहे. बोटांना टोचणारे तुकडे मात्र स्वाभाविक नव्हेत.

हाताने बदलायच्या गिअरबॉक्समध्ये खोलण्याआधी कान वापरावा. न्यूट्रलमध्ये येणारी घरघर क्लच दाबताच थांबली, तर संशय इनपुट शाफ्टच्या, म्हणजे क्लचकडून गिअरबॉक्समध्ये येणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगवर जातो. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर तो क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगचा असण्याची शक्यता अधिक. एकच गिअर कर्र करत असेल तर त्याची रिंग पाहावी, पण सगळेच गिअर, विशेषतः रिव्हर्स, अडखळत असतील तर क्लच पूर्ण सुटत नसावा आणि गिअरबॉक्स निर्दोष असू शकतो. रिव्हर्समध्ये येणारी ‘हूं’ अशी शीळ अनेक गाड्यांत सरळ दात्यांमुळे येते, तो बिघाड नव्हे. गिअर आपोआप सुटत असेल, तर आतल्या दात्यांची झीज किंवा स्प्रिंग जशी कारणीभूत असते, तसेच गिअरबॉक्सचे फाटलेले रबरी माउंटही असू शकते. ते तपासायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

उतरवायची वेळ आलीच, तर मुख्य मेहनत काढण्या-बसवण्यात असते, म्हणून शाफ्टचे सील, रिलीज बेअरिंग आणि झिजलेली क्लच प्लेट त्याच वेळी बदलावी. रिंग शंकूवर हाताने दाबून तिच्या आणि चाकाच्या दात्यांमधली फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, मोजावी. रिंग झिजते तशी ही फट कमी होत जाते आणि किमान किती हवी हे त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते.

केवळ तेल बदलायचे असेल, तर जुने तेल सोडण्यापूर्वी भरण्याचा प्लग सुटतो आहे ना, हे पाहावे. वर्षांनुवर्षे न उघडलेला तो प्लग गंजून घट्ट बसलेला असतो, आणि खालून सगळे तेल वाहून गेल्यावर ही गोष्ट कळली, तर गाडी जागची हलवता येत नाही.