पार्श्वभूमी : हुनानला ठाऊक नसलेलं हुनानी चिकन

अमेरिकेतल्या चिनी हॉटेलांत हमखास मिळणारं 'जनरल त्सोज चिकन' मूळचं चिनी आचारी पेंग चांग-क्वे यांचं. ३० नोव्हेंबर २०१६ रोजी, ९८व्या वर्षी, ते तैवानमध्ये वारले.

पेंग चीनच्या हुनान प्रांतातले, घरची गरिबी. पोरवयातच ते चांगशा शहरात त्साओ चिंग-चेन या नामांकित आचाऱ्याच्या हाताखाली लागले. चीनचे पंतप्रधान राहिलेले तान येन-काय पट्टीचे खवय्ये, आणि त्साओ त्यांच्या घरचे आचारी. म्हणजे गरिबाघरच्या पोराचा हात बसला तो थेट श्रीमंती स्वयंपाकावर. पुढे चीनच्या तेव्हाच्या राष्ट्रवादी सरकारच्या मेजवान्या पेंग यांच्याकडे आल्या. १९४९ मध्ये माओंच्या कम्युनिस्टांची सत्ता आली, सरकार तैवानला पळालं आणि त्यांचा आचारीही.

हे चिकन जन्मलं ते तिथेच, पन्नाशीच्या दशकात. पेंग सांगत, अमेरिकी ॲडमिरल आर्थर रॅडफर्ड यांचा पाहुणचार चालू होता, नेहमीचे पदार्थ करून संपले, म्हणून काहीतरी नवं केलं. नाव दिलं हुनानच्याच एकोणिसाव्या शतकातल्या सेनापती त्सो त्सुंग-तांग यांचं. त्सो १८८५ मध्येच वारले होते, त्यांनी हे चाखायचा प्रश्नच नव्हता. (आपल्या मंचुरियनचा तरी मंचुरियाशी कुठे संबंध आहे?) मूळ चव आंबट, तिखट, खारट, साखरेचा कणही नाही.

१९७३ च्या सुमारास पेंग यांनी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीजवळ हॉटेल काढलं. वेळ चांगली होती. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने आशियाई लोकांना अमेरिकेची दारं उघडली होती आणि १९७२ च्या निक्सन यांच्या चीन दौऱ्यानंतर चिनी जेवणाचं कुतूहल वाढलं होतं. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर पेंग यांच्याकडे जेवायला येत. गंमत अशी, की तैपेईत त्यांचं चिकन खाऊन गेलेल्या न्यूयॉर्कच्या आचाऱ्यांनी ते आधीच तिथे विकायला काढलं होतं, तेही जाड आवरणात तळून, गोड रस्स्यात घोळवून. त्यामुळे खुद्द पेंगच नक्कल करतात, असं गिऱ्हाइकांना वाटे. पुढे अमेरिकी जिभेसाठी त्यांनीही साखर घातली.

ऐंशीच्या दशकात ते तैवानला परतले. 'पेंग युआन' ही त्यांची हॉटेलं तिथे नीट चालली. १९९० च्या सुमारास त्यांनी चांगशातही हॉटेल काढून पाहिलं, पण ते टिकलं नाही. तिथल्या लोकांना हे चिकन फार गोड लागलं.